पंचावन्न पैसे

२०२५च्या दिवाळीत बार्शीला घरी गेलो होतो. सुट्टीवर गेलं की माझी एक ड्यूटी ठरलेली असते. दुपारी अण्णांना जरा पडता यावं म्हणून दोन तास दुकानात बसायचं. छोटंसं किराणा दुकान आहे आमचं. आता तिथे क्यूआर कोड आलाय, पैसे जमा झाले की मोठ्याने बोलून दाखवणारा डबा आलाय, पण गल्ला तोच. आजोबांच्या वेळचा, लाकडी, घाईत बंद केला की हमखास बोट चिमटणारा.

तर मी बसलो होतो. गल्लीतलं एक पोरगं आलं. "काका, पाचवाला बिस्किटपुडा द्या." (काका! असो.) त्याने पाचचं नाणं ठेवलं, मी पुडा दिला, पोरगं पळालं. माझ्या दृष्टीने ट्रान्झॅक्शन कम्प्लीट. तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला. ते झोपलेत असा माझा समज होता.

"त्याचे पंचावन्न पैसे राहिले."

मी दुसरा पुडा उलटा करून बघितला. छापील किंमत ४ रुपये ४५ पैसे. पाचवाल्या पुड्यावर! गल्ल्यात हात घातला. पंचावन्न पैसे द्यायचे म्हटलं तरी देणार कुठून? "वहीत लिही," अण्णा म्हणाले आणि कूस बदलली.

पुण्याला परत येताना एसटीत वेळच वेळ होता, म्हणून हा ४.४५चा छडा लावायला घेतला. गणित सोपं निघालं. २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांतून १८ टक्के कर बाजूला काढला की उरतात ४.२४, त्यावर ५ टक्के चढवले की ४.४५. कर कमी झाला, त्याचा फायदा गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे, म्हणून काही कंपन्यांनी सरळ भागाकार करून आलेलं उत्तर पुड्यावर छापून टाकलं. एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीचं असंच गणित केलं तर उत्तर येतं ८९ पैसे.

उत्तर बरोबर आहे, फक्त ते देता येत नाही. आपल्याकडे २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? म्हणजे त्या पोराला सुट्टे ५५ पैसे देणं ज्यांना जमेल असं नाण्यांचं कॉम्बिनेशनच या देशात अस्तित्वात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॅल्यू व्हॅलिड आहे, पण ती ठेवायला डेटाटाईप नाही.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं की आपण उलटा विचार करत असतो. आपल्याला वाटतं मालाची किंमत ठरते आणि मग आपण तेवढी नाणी मोजतो. पाच-दहा रुपयांच्या वस्तूंच्या बाबतीत आधी नाणं ठरलेलं असतं आणि मग त्यात बसेल एवढा माल.

पार्ले-जीच घ्या. १९२९ साली विलेपार्ल्यात सुरू झालेली कंपनी. लोकलमधून जाताना स्टेशनजवळ आला की बिस्किटांचा वास यायचा, तो ज्या कारखान्याचा होता तो २०१६ साली बंद झाला. या बिस्किटाचा १०० ग्रॅमचा पुडा वर्षानुवर्षं ४ रुपयांना होता. मधल्या काळात पीठ, साखर, डिझेल, पगार, सगळं वाढलं, पण पुड्याची किंमत चारावरून फक्त पाचावर गेली. वाढ गेली कुठे? पुड्यात गेली. वजन हळूहळू उतरत ५५ ग्रॅमपर्यंत आलं. किंमत वाढली की गिऱ्हाईक लगेच ओरडतं, दोन बिस्किटं कमी झाली तर चहात बुडवताना कोण मोजतंय?

आता तुम्ही म्हणाल, ही कंपन्यांची चलाखी. मलाही तसंच वाटायचं. पण दुकानात वाढलेल्या माणसाला यातली दुसरी बाजूही माहीत असते. माझ्या लहानपणी आमच्या दुकानात "पाव किलो साखर द्या" म्हणणारे लोक वेगळे आणि "दोन रुपयांची साखर द्या" म्हणणारे वेगळे. दुसऱ्या गटातले लोक जास्त होते. रुपयाची चहापावडर, दोन रुपयांचं गोडेतेल (बाटली घरून आणायची), आठ आण्याची हळद. अण्णा मनातल्या मनात भाव लावून तेवढं वजन करायचे, वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी बांधायचे, वर दोरा. भाव वाढला की पुडी लहान व्हायची, पैसे तेच. रोजंदारीवरच्या बाईच्या हातात संध्याकाळी जेवढे पैसे असतील तेवढ्यात मीठ-मिरचीपासून सगळं बसवायचं असतं. तिच्या दृष्टीने पैसे फिक्स आणि वजन व्हेरिएबल, कायमच. कंपन्यांनी नवीन काही शोधलं नाही. किराणा दुकानात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली पुडीच त्यांनी प्लॅस्टिकमध्ये सील केली.

ही पुडी शाम्पूत आणण्याचं श्रेय तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांना देतात. मोठ्या लोकांना जे परवडतं ते मजुराला आणि रिक्षावाल्यालाही परवडलं पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. त्यांचा मुलगा सी. के. रंगनाथन याने १९८३ साली १५ हजार रुपये घेऊन वेगळा धंदा सुरू केला आणि शाम्पूला वडिलांच्या नावावरून नाव दिलं. चिन्नी कृष्णनचा 'चिक'! मला हे कळलं तेव्हा मी आधी अण्णांना फोन करून सांगितलं. तीस-पस्तीस वर्षं चिकच्या माळा दुकानाच्या दारात लटकवणाऱ्या माणसालाही ते माहीत नव्हतं. रंगनाथन यांची एक स्कीम तर भारीच होती. शाम्पूची रिकामी पाकिटं आणून द्या, कुठल्याही कंपनीची चालतील, बदल्यात चिकची एक पुडी फुकट. लोकांना सवय लागल्यावर हळूच नियम बदलला, आता पाकिटं फक्त चिकचीच हवीत :)

आणि याच पुडीतली खरी गंमत पुढे आहे. मोठा पॅक स्वस्त पडतो हे आपण सगळे गृहीत धरतो. महिन्याची यादी करताना मोठी बाटली कार्टमध्ये टाकली की आपण किती हुशार असं वाटतं. परवा घरातली बाटली आणि त्याच शाम्पूची एक रुपयाची पुडी शेजारी ठेवून भागाकार केला. बाटलीतला शाम्पू मिलीलीटरला जवळजवळ तिप्पट महाग निघाला! कारण पुडीचं नाणं ठरलेलं आहे, एक रुपया. तिथे सगळ्या कंपन्या एकाच दोरीवर शेजारी शेजारी लटकलेल्या, त्यामुळे मारामारी होते ती आत किती माल घालायचा यावर. बाटलीवाल्या गिऱ्हाइकाने, म्हणजे मी, कधी भागाकारच केला नव्हता.

पण नाण्याने किंमत बांधून ठेवायची ही कथा फक्त आपल्याकडची नाही. सगळ्यात मोठी कथा अमेरिकेतली आहे. कोका-कोला १८८६ साली बाजारात आला तेव्हा एका ग्लासाची किंमत होती ५ सेंट. दोन महायुद्धं झाली, मधे महामंदी येऊन गेली, साखरेचे भाव वरखाली झाले, आणि १९५०चं दशक उजाडलं तरी कोक पाचच सेंटला! जवळजवळ सत्तर वर्षं.

सुरुवातीचं कारण होतं एक गाढवपणाचा करार. १८९९ साली दोन वकील कंपनीच्या मालकाकडे कोक बाटलीत भरून विकायचे हक्क मागायला आले. लोक दुकानात उभं राहून ग्लासातून पितात, बाटलीतून कोण पिणार, असं त्या मालकाला वाटलं. त्याने देशातल्या बहुतेक भागाचे हक्क एका डॉलरला देऊन टाकले. त्यांना द्यायच्या पाकाचा दर करारात फिक्स केला आणि करार कधी संपणार ते लिहिलंच नाही. आता दर वाढवता येत नाही म्हटल्यावर बाटलीवाल्यांनी तरी किंमत वाढवू नये, म्हणून कंपनीने जिकडेतिकडे '५ सेंट'च्या जाहिराती रंगवून ठेवल्या. १९२१ साली तो करार बदलून घेतला, तर तोपर्यंत दुसरी अडचण तयार होत होती. कोकची व्हेंडिंग मशीन्स. त्यांत फक्त पाच सेंटचं नाणं जायचं. त्याच्या वरचं नाणं थेट दहा सेंटचं. म्हणजे किंमत वाढवायची तर एकदम दुप्पट!

यावर त्यांनी काढलेले उपाय वाचून मी एसटीत एकटाच हसत होतो. १९५३ साली कंपनीच्या प्रमुखाने, रॉबर्ट वुडरफने, चक्क राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरना सुचवलं की सरकारने साडेसात सेंटचं नाणं काढावं. सरकारने काढलं नाही. दुसरा उपाय तर कुठल्यातरी प्रोग्रॅमरनेच काढला असावा. मशीनमध्ये दर नऊ बाटल्यांमागे एक बाटली रिकामी ठेवायची. आठ जणांना पाच सेंटला कोक मिळणार. नवव्याच्या हातात रिकामी बाटली येणार, त्याने पुन्हा पाच सेंट टाकायचे. नऊ नाण्यांत आठ बाटल्या, म्हणजे सरासरी किंमत ५.६२५ सेंट. देशभर हा प्रकार कधी राबवला गेला नाही, पण काही ठिकाणी करून बघितला.

हसता हसता मी मधेच थांबलो. सरासरीने पाहिलं तर आयडिया निर्दोष आहे. कंपनीला हवी ती वाढ मिळते, आठ जणांना काहीच कळत नाही. फक्त तो जो नववा माणूस आहे, त्याच्यासाठी सरासरी वगैरे काही नसतं. त्याला तहान लागलीये आणि हातात रिकामी बाटली आहे.

मला आमच्या दुकानातला असा नववा माणूस आठवला.

१९९४-९५ची गोष्ट. मी सहावीत असेन. सुट्ट्या पैशांची तेव्हा भयंकर टंचाई होती. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, चार आणे परत द्यायचे तर दुकानदार गोळी द्यायचा. आमच्याकडेही काउंटरवर ऑरेंजच्या गोळ्यांची बरणी होती. शाळा सुटल्यावर मी दुकानात असायचो. गोळी आम्हाला ठोकमध्ये पंधरा-सोळा पैशांना पडायची आणि चार आण्याच्या जागी जायची, म्हणजे सुट्टे न देण्यातही नफा होता. हे मी स्वतः शोधून काढलं होतं. मग काय, गल्ल्यात चार आणे असले तरी मी ते मागे सरकवायचो आणि गोळी द्यायचो. फार हुशार वाटायचं स्वतःला.

वरच्या आळीतल्या एक आजी रोज संध्याकाळी यायच्या. रुपयाची चहापावडर, दीड-दोन रुपयांची साखर. एक दिवस आल्या आणि पदराची गाठ सोडून काउंटरवर गोळ्या ओतल्या. कागद चिकटलेल्या, काही विरघळलेल्या.

"छत्तीस हायती. मोजून घे. आन मला नऊ रुपयाचं शेंगदानं दे."

मी म्हणालो, "आजी, गोळ्या परत घेत नाही आम्ही."

"का रं? माज्याकडनं पैसं घेतूस, मला गोळ्या देतूस. माज्या तोंडात दात हायती का, गोळ्या चघळाय?"

मला हसू आलं. खरंच हसलो मी. अण्णा मागच्या बाजूला पोती लावत होते, ते बाहेर आले. एक शब्द न बोलता त्यांनी गोळ्या मोजल्या. नऊ रुपयांचे शेंगदाणे तोलले, वर मूठभर जास्तीचे टाकले. आजी गेल्या. अण्णा मला रागावले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. फक्त विचारलं, "गल्ल्यात चार आणे होते का नव्हते?"

मी काही बोललो नाही. बरणी त्या रात्री काउंटरवरून गेली ती पुन्हा आली नाही. तेव्हापासून सुट्टे नसले की सुट्या मालात अण्णा चिमूटभर जास्त घालतात आणि पॅकबंद माल असला की वहीत लिहितात. गिऱ्हाईक विसरतं, वही विसरत नाही.

हे मी दिवाळीनंतर कोणाला तरी कौतुकाने सांगितलं असतं आणि विषय संपला असता. पण एसटी टेंभुर्णीजवळ आली असताना मला माझा स्वतःचा एक कोड आठवला.

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानांच्या साखळीसाठी बिलिंगच्या सिस्टीमवर काम करत होतो. रिक्वायरमेंटमध्ये एक ओळ होती. बिलाची एकूण रक्कम पूर्ण रुपयात आणायची, नेहमी वर. ३१२.१० असेल तर ३१३. कार्डने पैसे दिले तरी तसंच. मी तीन ओळींत ते करून टाकलं. टेस्ट केसेस लिहिल्या, सगळ्या पास झाल्या. कोड रिव्ह्यूमध्ये सिनिअरने व्हेरिएबलचं नाव बदलायला सांगितलं. 'नेहमी वर' का, हे त्याने विचारलं नाही, मीही नाही.

आता हिशोब करा. बिलातले पैसे शून्यापासून नव्याण्णवपर्यंत काहीही असू शकतात असं धरलं तर दर बिलामागे सरासरी साधारण पन्नास पैसे दुकानाकडे जातात. रोजची एक लाख बिलं धरली तर दिवसाला पन्नास हजार रुपये. गिऱ्हाइकाला यातलं काहीच जाणवत नाही. जाणवून तक्रार करायची तरी काय, "माझे नव्वद पैसे द्या" म्हणून? मागे उभी असलेली रांग हसेल. सहावीतला मी जसा हसलो होतो.

गंमत म्हणजे हा प्रश्न सुटलेला आहे. कॅनडाने २०१३ साली एक सेंटचं नाणं वाटायचं बंद केलं, तेव्हा साधा नियम केला. रोख पैसे देणाराचं बिल जवळच्या पाच सेंटला न्यायचं, कधी वर, कधी खाली. कार्डने देणाराचं बिल पैशापर्यंत जसंच्या तसं. वर आणि खाली समसमान, म्हणजे शेवटी कोणाचंच काही जात नाही. आपल्याकडेही यूपीआयवर ४ रुपये ४५ पैसे अगदी नीट जातात, तिथे नाण्याची सबब शिल्लकच नाही. माझ्या तीन ओळींत 'नेहमी वर'च्या जागी 'जवळचा' लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

त्या प्रोजेक्टवर मी आता नाही, पण तिथे असलेला एक मित्र आहे. पुण्यात पोचल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, तो बग नाहीये, ती रिक्वायरमेंट आहे." बरोबरच होतं त्याचं. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या लीडला एक मेल लिहिली. 'निदान कार्ड आणि यूपीआयची बिलं राउंड करू नयेत, कारण गरज नाही.' आकडे घालून, नम्रपणे. उत्तर आलं की मुद्दा नोंदवला आहे, प्रायॉरिटी लो. अजून तिथेच आहे. दर महिन्याला मी मित्राला विचारतो आणि दर महिन्याला तो मला शिव्या घालतो. पण विचारत राहणार आहे.

परवा अण्णांना फोन केला होता. बोलता बोलता त्या बिस्किटवाल्या पोराच्या हिशोबाचं विचारलं. अण्णांनी वही काढलीच. पोरगं रोज येतं. दर पुड्याला ५५ पैसे जमा. आठ पुड्यांचे झाले ४ रुपये ४० पैसे.

"मग?"

"मग काय, नववा पुडा तसाच दिला."

मी मनात वजाबाकी केली. नववा पुडा ४.४५चा. "अण्णा, पाच पैसे कमी पडतात."

"ते मी सोडले," अण्णा म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवून दिला.